साहेब आता येतात कधी आणि बघतात काय? पर्यवेक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या नोकरीत तीसेक वर्षं गेली. आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख, शेवटी विस्तार अधिकारी. शाळा सगळ्या कोकणातल्या, निम्म्या खाडीकाठच्या आणि निम्म्या सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या). निवृत्त झाल्यावरही फोन थांबले नाहीत. नवे केंद्रप्रमुख विचारतात, आरोग्य केंद्रातले तरुण डॉक्टर विचारतात, कधी एखादा सरपंच विचारतो. प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. उदाहरणं शाळेची जास्त येतील, कारण माझं घर तिथलं.

पर्यवेक्षण म्हणजे हजेरी तपासणं ना?

हजेरी हा त्यातला सर्वात सोपा भाग, म्हणून सगळे तिथेच अडकतात. गुरुजी शाळेत आहेत का, डॉक्टर ओपीडीत आहेत का, हे गावातलं पोरही सांगेल. गुरुजी जे शिकवतायत ते मुलांच्या डोक्यात कसं उतरतंय, हे पाहायला शिकवण्यातला जाणकार लागतो. ज्या कामात माणसाला जागेवर, स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यावा लागतो (शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, अभियंता, कृषी सहायक), त्या कामावर देखरेख ठेवणारा त्याच विद्येतला असावा, अशी जुनी रीत होती. सरकारी कारभारात आलेल्या व्यवस्थापन सुधारणांनी ती रीत हलवली. बाकी सगळे प्रश्न तिथूनच निघतात.

या "व्यवस्थापन सुधारणा" आल्या कुठून?

मूळ बाहेरचं आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली सरकारी आरोग्यसेवेचा कारभार कसा चालवावा हे सांगायला रॉय ग्रिफिथ्स यांना बोलावलं. ते सुपरमार्केटच्या धंद्यातले. त्यांचा निष्कर्ष असा की डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक मिळून एकमताने कारभार बघतात, पण जबाबदार माणूस कोण ते सापडत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक व्यवस्थापक नेमा. पुढे हीच हवा सगळ्या सरकारी खात्यांत शिरली: उद्दिष्टं ठरवा, आकड्यात मोजा, कंत्राटं द्या, निकाल मागा. ख्रिस्तोफर हूड या अभ्यासकाने १९९१ साली या सगळ्याला "नवं सार्वजनिक व्यवस्थापन" असं नाव लावलं.

आपल्याकडे त्याचे तुकडे तुकडे आले. २००५ चं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि त्यातली कंत्राटी भरती, २००९ नंतर केंद्रातल्या मंत्रालयांची निकालपत्रकं, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, शाळांची माहिती ऑनलाइन भरायचं "सरल", आणि मग अॅपवर अॅप. सगळंच परक्याचं होतं असं मात्र नाही. अहमदनगरला ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना कचेरीतल्या दप्तराची शिस्त लागली, तो "लखिना पॅटर्न" अस्सल इथला. पण तो कागदांचा होता. कागद गठ्ठ्यात बांधता येतो, वर्ग बांधता येत नाही.

जुनी तपासणी चांगली होती म्हणता?

नाही हो. जुन्या तपासणीच्या आठवणींत जीव अडकलेले बरेच आहेत, मी त्यातला नाही. वार्षिक तपासणी म्हणजे आठ दिवस आधी सारवण, तक्ते, मुलांकडून पाठ करून घेतलेली उत्तरं, आणि दुपारी साहेबांसाठी कोंबडी-वडे. एका साहेबांचा शेरा मला तोंडपाठ आहे, कारण सलग तीन वर्षं तोच होता: "शाळेचे कामकाज समाधानकारक. परिसर स्वच्छ." तिसऱ्या वर्षी तर पावसाने पडवी पडली होती, तरी परिसर स्वच्छच.

जातीचा, आडनावाचा, ओळखीचा हिशेब तपासणीत चाले तो वेगळा. कोणी ऐकत नसेल तर "बदली करून टाकीन" ही धमकी होतीच. म्हणजे सुधारणांची गरज होती. त्यात वाद नाही.

मग बिघडलं काय?

बघणाऱ्याचा वेळ गेला.

१९९४ साली राज्यात केंद्रप्रमुखाचं पद निर्माण झालं. एकंदर ४८६० केंद्रं, एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा. कल्पना उत्तम होती: शिक्षकांतूनच वर आलेला माणूस, कचेरीत न बसता शाळाशाळांतून फिरणारा, अडलेल्याला हात देणारा. मी केंद्रप्रमुख झालो तेव्हा पहिली दोनेक वर्षं ते खरंच जमलं. वर्गात मागच्या बाकावर बसायचो, मुलांच्या वह्या चाळायचो.

मग माहितीचा पूर आला. सकाळी साडेसातला ग्रुपवर मेसेज: "खालील लिंकवर माहिती ११ वाजेपर्यंत भरणे. निरंक असल्यास निरंक कळवावे." माझ्या केंद्रातल्या चार शाळांना रेंज नव्हती. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर एका शाळेत गेलो. तिसरीच्या वर्गात बसणार, इतक्यात फोन आला की शीट लाल दिसतंय, तुमच्या केंद्राची माहिती नाही. शाळेतल्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हयसर रेंज गावाची नाय. वर सड्यार जावा, काजीच्या झाडाकडे." मी छत्री घेऊन चढ चढलो. काजूखाली आधीच दोघं उभे होते: शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टर, त्यांचीही कसली एंट्री राहिलेली, आणि एक ग्रामसेवक. तिघांच्या हातात तीन फोन, वर केलेले. शाळेत परतलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती. टूर डायरीत भेट नोंदली गेली आणि शीट हिरवं झालं. तिसरीचा वर्ग मी त्या दिवशी पाहिला नाही.

असे दिवस एक-दोन नव्हते, महिन्यातून पंधरा-पंधरा होते. देखरेख वाढली असं वर वाटतं, कारण वर आकडे पोचतात. खाली, वर्गाच्या दारात, ती घटलेली असते.

पण आकडे हवेतच ना? आकड्यांचं वावडं कशाला?

वावडं नाही. मुलं किती, लसी किती, औषधांचा साठा किती, हे कळल्याशिवाय कारभार होत नाही. भानगड तेव्हा होते जेव्हा त्याच आकड्यावर माणसाला जोखायला सुरुवात होते. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनधोरणाबद्दल हे म्हटलं होतं: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर भार टाकला की तो आकडा भरवशाचा राहत नाही.

आमच्या पिढीला हे अर्थशास्त्राविना ठाऊक होतं. कुटुंबनियोजनाच्या "केसेस" (म्हणजे नसबंदीच्या शस्त्रक्रिया) आठवा. आणीबाणीत तर शिक्षकांनाही उद्दिष्टं होती, आणि नंतरही कितीतरी वर्षं सिस्टरांच्या मासिक सभेत पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असे, "केसेस किती?" बाळंतपणं कशी झाली, कोणाला रक्त चढवावं लागलं, कोणत्या वाडीत लस पोचली नाही, याला सभेत जागा नसे. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने वरून लादलेली ही उद्दिष्टं काढून टाकली. म्हणजे सरकारनेच एकदा हे मान्य केलेलं आहे. तरी पुढच्या प्रत्येक नव्या योजनेत "उद्दिष्ट-साध्य-टक्केवारी" हे तीन रकाने परत आलेच.

शाळेत याचं रूप साधं असतं. मूल्यमापनाच्या नोंदी ठरलेल्या तारखेला भरायच्या आहेत आणि कोणी "अप्रगत" दाखवलं तर खुलासा मागतात. मग अप्रगत कोण दाखवेल?

डॉक्टरच्या कामावर देखरेख डॉक्टरनेच ठेवावी का? जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत ना?

दोन्ही लागतात, पण दोघांचे प्रश्न वेगळे. जुलैतली गोष्ट घ्या. भातलावणी चालू आहे, चिखलात दिवसभर उभा राहिलेला शेतकरी ताप घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तरुण वैद्यकीय अधिकारी तापाची गोळी देऊन पाठवतो. ओपीडीचा आकडा एकाने वाढतो, औषध उपलब्ध होतं, रुग्ण थांबून राहिला नाही, सगळे निर्देशक हिरवे.

आता कोकणात दहा पावसाळे काढलेला तालुका आरोग्य अधिकारी तिथे बसला असता तर त्याने विचारलं असतं: पोटऱ्या दाबून पाहिल्यास का? डोळे लाल आहेत? लघवी किती होतेय? पायाला जखम? कारण हा लेप्टोस्पायरोसिसचा (चिखलपाण्यातून लागणाऱ्या तापाचा) मोसम, सिंधुदुर्गात तो काही नवा नाही, आणि उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. दोडामार्गाकडचा माणूस असेल आणि जंगलात गेला असेल, तर २०१६ पासून माकडतापही मनात धरावा लागतो. हे प्रश्न डॅशबोर्ड विचारत नाही. ते विचारायला त्या विद्येतला, त्या भागातला वडीलधारा लागतो.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं काम दुसरं: एखादं पद रिकामं का आहे, गाडीला डिझेल का नाही, डॉक्टर रात्री मुक्कामी का नसतो. हेही तितकंच मोलाचं. घोटाळा होतो तो दुसरं काम करणारा पहिल्यावर बोलायला लागला की.

एक गोष्ट मात्र सुधारणेतून चांगली आली. मातामृत्यूचं अन्वेषण. २०१० मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात दोष चिकटवण्यापेक्षा कुठे उशीर झाला हे शोधायचं असतं: घरातून निघायला, वाहन मिळायला की दवाखान्यात उपचार सुरू व्हायला. जिथे हे मनापासून होतं तिथे डॉक्टर खरं बोलतात. जिथे त्याच्या टोकाला कारणे दाखवा नोटीस बांधलेली असते, तिथे फक्त केसपेपर नीटनेटका होतो.

एकाच माणसावर किती साहेब?

कधी कधी मोजता येत नाहीत. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. हे १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यापासूनचं दुहेरी घर. त्यात अभियानांचे कार्यक्रम व्यवस्थापक, समन्वयक, सल्लागार यांची तिसरी रांग आली. ही मंडळी बहुतेक तरुण, कष्टाळू, संगणकात तरबेज. त्यांना अधिकार नसतो, पण त्यांच्या शीटमुळे फटका बसतो. माझा सल्ला: लेखी आदेश कोणाचा आहे ते पाहा, आणि बाकीच्यांशी गोडीने बोला.

गोपनीय अहवाल अजून गोपनीय आहे का?

नावापुरता. २००८ साली देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगली, वाईट, मध्यम, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. प्रकरण मजेशीर होतं. सीमा रस्ते संघटनेतले एक कार्यकारी अभियंता. बढतीसाठी "खूप चांगला" हवा होता, एका वर्षी त्यांना "चांगला" मिळाला. वाईट नव्हताच, म्हणून कळवला नाही. आणि त्या न कळवलेल्या "चांगल्या"ने बढती गेली.

आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, वरच्या गटांसाठी तो "महापार"वर ऑनलाइन भरतात. पारदर्शकता आली हे खरं. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली: लेखी वाईट कोणी लिहीत नाही. दहापैकी नऊ देऊन मोकळे होतात, कारण सात दिले तर खुलासा, अपील, तोंड वाकडं. एकाच कचेरीत सगळेच नऊ असतील तर त्या आकड्यातून काय कळणार? प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारा) म्हणून मी एकदा सहा दिले होते. त्या शिक्षकाशी पुढे चार वर्षं बोलणं नव्हतं. आता आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाला जेवून आलो.

कंत्राटी माणसावर देखरेख सोपी जाते का? ऐकतात म्हणे.

ऐकतात. अकरा महिन्यांची ऑर्डर असली की कोणीही ऐकेल. पण देखरेखीचा गाभा असा की खालच्या माणसाने "मला हे जमत नाही" हे वरच्याला सांगता आलं पाहिजे. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने ठरते, आणि मानधनाचा एक भाग निर्देशकांवर मिळतो (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं तसंच आहे), तो चूक कशाला कबूल करेल? आशाताईंच्या मिळकतीचाही एक भाग कामागणिक मोबदल्याचा. ज्या कामाला रकाना आहे ते होतं. शेजारच्या वाडीतल्या म्हातारीकडे दहा मिनिटं बसण्याला रकाना नाही. ताई बसतात, तो भाग वेगळा.

रस्ते, साकव, नळपाणी यांच्या कामांना आता त्रयस्थ तपासणी असते. मग कनिष्ठ अभियंता बघायचं काय?

मोजमाप पुस्तक तोच लिहितो, सही त्याचीच. त्रयस्थ संस्था आली म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तीन पायऱ्या आहेत: पहिली खात्याची, दुसरी राज्याच्या गुणनियंत्रकाची, तिसरी राष्ट्रीय. कागदावर रचना चांगली, कारण वरच्या दोघांना स्थानिक ठेकेदाराचा चहा प्यायची गरज नसते.

पण त्रयस्थ माणूस येतो एक दिवस. जलजीवन मिशनमध्ये (२०१९ पासून, माणशी दिवसाला ५५ लिटर) नळाचा, तोटीचा, टाकीचा जिओ-टॅग फोटो लागतो. फोटो डिसेंबरचा. आपला कातळ जांभ्याचा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही पाणी झिरपून, वाहून खाडीला जातं आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. वाडीतल्या बायका हे कुठल्याही अभियंत्याला सांगतील. जुन्या उपअभियंत्यांना विचारलं तर ते म्हणत, विहीर मे महिन्यात बघ, मग पाइपचा विचार कर. कामाच्या मुदती मार्चअखेरीला बांधल्या की मे महिना हिशेबात येत नाही.

सुधारणांमधलं मनापासून आवडलेलं एखादं?

ऑनलाइन बदल्या. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण बदललं, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी गावांची विभागणी आली. यादीवरून भांडणं झाली, पोर्टल बंद पडलं, सगळं झालं. तरी सड्यावरच्या शाळेत बारा वर्षं कुजलेला, ओळख नसलेला शिक्षक खाली उतरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि पर्यवेक्षकाच्या हातातली बदलीची काठी गेली, त्यामुळे त्याला बोलून, समजावून काम करून घ्यावं लागायला लागलं. ज्यांना ते येत नव्हतं ते फार चिडले.

लोकसेवा हक्क कायद्याने शिक्षक-डॉक्टरांच्या कामाची तपासणी होते का?

फारशी नाही. तो अधिसूचित सेवांसाठी आहे: दाखले, परवाने, नोंदी. मुदतीत मिळालं नाही तर दोन अपिलं आणि वर आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. दाखल्याला मुदत घालता येते. मुलाला वाचायला शिकवण्याला ती घालणं अवघड.

शिक्षकांना इतर कामं लावली की आम्ही पर्यवेक्षकांनी काय करायचं?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढंच. बाकीच्याला आदर्श उत्तर "लेखी द्या" हे आहे. अर्धी कामं तिथेच विरतात.

शेरा कसा लिहावा?

हा माझा आवडता प्रश्न, कोणी फारसा विचारत नाही.

शाळेत गेल्यावर आधी एक वही मागा, शेवटच्या बाकावरच्या मुलाची. एकदा तिसरीत मला ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलेलं दिसलं. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. दुसरी वही बघितली, तिथेही तसंच. अकरापैकी सहा मुलं एककाच्या घरात सातातून दोन वजा करत होती, कारण "लहान मोठ्यातून वजा करायचं" हे त्यांनी पक्कं धरलेलं. बाईंनी हातचा शिकवला होता, फळ्यावर बरोबरच होता. पण काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले नव्हते.

मी "गणिताकडे अधिक लक्ष द्यावे" असं लिहिलं असतं तर बाई दुखावल्या असत्या आणि काही बदललं नसतं. मी लिहिलं: "तिसरीतील ११ पैकी ६ विद्यार्थी हातच्याच्या वजाबाकीत लहान अंक मोठ्यातून वजा करतात. दशकाचा गठ्ठा सोडून १० काड्या करण्याचा सराव आठ दिवस घ्यावा. पुढील भेटीत याच सहा वह्या पाहीन." आणि त्याच वेळी बाईंबरोबर खाली बसून सुपारीच्या झावळीच्या काड्यांचे गठ्ठे बांधले. पुढच्या भेटीत चार जणांचं बरोबर होतं. दोघांचं का नाही, ते बाईंनीच मला सांगितलं.

डॉक्टरसाठी हाच शेरा केसपेपरवरून लिहिता येतो, कृषी सहायकासाठी मोहोराच्या फांदीवरून. तुडतुडे आहेत की नाही ते झाडाखाली उभं राहून दिसतं.

हे सगळं फॉर्ममध्ये भरता येईल का?

फॉर्ममध्ये "शेरा" हा रकाना शेवटी असतो, शंभर अक्षरांचा. तिथे "भेट पुस्तिका पाहावी" असं लिहा आणि खरं भेट पुस्तिकेत लिहा.

गावकऱ्यांनी कशात बोलावं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. रुग्ण कल्याण समिती आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दार उघडं आहे का, औषध शिल्लक आहे का, पैसे कुठे गेले, मुलाला वाचता येतं का: जरूर विचारा, दर महिन्याला विचारा. मुलाला छडी का मारत नाही, सलाइन का लावत नाही, इंजेक्शन का देत नाही, या आग्रहांपुढे मात्र चांगला शिक्षक किंवा डॉक्टर झुकला तर नुकसान तुमचंच. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी तर चार दिवसांत सगळ्या शाळेची तपासणी करून जातात. त्यांना चहा द्यावा.

पावसाळ्यात फिरती कार्यक्रम कसा लावावा?

जून-जुलैत डांबरी रस्त्यालगतच्या शाळा घ्या. व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) शाळा उन्हाळी सुट्टी लागण्याआधी एकदा आणि नवरात्रानंतर दोनदा. दुपारी भरती असेल तर खाडीपलीकडचं काम सकाळी उरका, तरवाल्याला (होडीवाल्याला) आदल्या दिवशी सांगून ठेवा. माहिती भरायची वेळ शाळेत जाण्याआधीची ठेवा, घरून किंवा बाजारपेठेतून, आणि वर्गात असताना फोन दप्तरात. वरून ओरडा बसेल. दोन-तीन वेळा बसतो, मग सवय होते, त्यांना. साकवावरून पाणी जात असेल तर अलीकडच्या शाळेत थांबा, तिथला एखादा वर्ग पूर्ण तासभर पाहा, आणि टूर डायरीत नियोजित शाळा का झाली नाही त्याचं खरं कारण लिहा.